परदेशातला दवाखाना आणि आपल्या घरातली पिवळी फाईल

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त १ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या सोसायटीच्या सभागृहात झालेलं हे भाषण. वक्त्या आपल्याच सोसायटीतील निवृत्त गणित शिक्षिका आहेत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)



उद्या दसरा. सीमोल्लंघनाचा दिवस. पूर्वी गावाची शीव ओलांडायची, आपट्याची पानं लुटायची आणि संध्याकाळी घरी परत यायचं. आपल्या पोरांनी शीव जरा लांबची ओलांडली. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा या पार्किंगमध्ये सायकलींची रांग असायची. आज त्या सायकलवाल्यांपैकी कोणी पुण्यात, कोणी बंगलोरला, कोणी दुबईत, टोरांटोत, न्यू जर्सीत. आमच्या विंगमध्ये बारा घरं आहेत. त्यातल्या सात घरांतलं एक तरी लेकरू परदेशात आहे. म्हणजे आज ना उद्या आपल्यापैकी बरेच जण नागपूरहून विमानात बसणार. काही जण बसूनही आले.

समितीने मला विषय दिला, "परदेशातील आरोग्यसेवा व विमा". मी काही डॉक्टर नाही, विमा एजंट तर मुळीच नाही. चौतीस वर्षं गणित शिकवलं. पण या विषयाची फी मी भरलेली आहे, आणि चांगली जबर भरलेली आहे. म्हणून बोलते.

आमचे हे समोरच बसले आहेत. लिफ्ट बंद असली की हे जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. येता-जाता कोणी खुर्चीही आणून देता. ते का थांबतात, ते आज सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे.

ते तीन तास

२०१८ साली आम्ही पहिल्यांदा लेकीकडे न्यू जर्सीला गेलो. निघण्याआधी विमा काढायचा म्हणून एका ओळखीच्या माणसाकडून काढला. पन्नास हजार डॉलरचं संरक्षण, हप्ता एकदम कमी. आम्ही खूश. फॉर्मवर एक प्रश्न होता, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काही आहे का? ह्यांना अकरा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी सुरू होती. तो माणूस म्हणाला, "मॅडम, 'नाही' लिहा, नाहीतर हप्ता वाढेल. कोण पाहतं तिथं!" मी 'नाही'वर खूण केली. अख्खी हयात पोरांना सांगितलं की उत्तर माहीत असताना चुकीचं लिहू नये, आणि स्वतः तेच केलं.

दीड महिना मजेत गेला. मग एका रात्री दोन वाजता पाहते तर हे पलंगाच्या कडेला बसलेले. विचारलं तर म्हणाले, "ॲसिडिटी आहे. झोप तू." मी झोपले. पाच वाजता पुन्हा जाग आली. बनियन घामाने ओलं, चेहरा पांढरा. मी लेकीला हाक मारायला उठले तर माझा हात धरून काय म्हणाले ठाऊक आहे? "तिला उठवू नको. इथं ॲम्ब्युलन्सलाच हजार डॉलर लागतात म्हणे. सकाळी पाहू."

मी उठवलंच. जावयाने ९११ लावला, सात-आठ मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. हार्ट अटॅक होता. स्टेंट टाकला, माणूस वाचला. पण तिथल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली, दुखायला कधी लागलं? दोन वाजता म्हटल्यावर ते गप्प झाले. हृदयाचा जो भाग त्या तीन तासांत गेला, तो गेला. जिन्यावरचं थांबणं तेव्हापासूनचं आहे.

मग पाकिटं यायला लागली. एक रुग्णालयाचं. एक हृदयरोगतज्ज्ञांचं. एक इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं, एक ॲम्ब्युलन्सचं. तिथे प्रत्येकाचं बिल वेगळं येतं, हे आम्हाला कुठे माहीत! एकूण बेरीज ९२ हजार डॉलर. तेव्हाच्या भावाने पासष्ट लाखांच्या वर. विमा कंपनीने जुने कागद मागवले, त्यात रक्तदाबाची गोळी दिसली, दावा नामंजूर. कंपनीला मी दोष देत नाही. खूण माझ्या हातची होती.

लेकीने आम्हाला एक शब्दही ऐकवला नाही. घर घ्यायला जमवलेले पैसे होते, ते घर तीन वर्षं पुढे गेलं. रुग्णालयाशी पत्रव्यवहार करून करून रक्कम ३१ हजारांवर आली. ते कसं झालं तेही सांगते. पैसे फिटले. तीन तास मात्र फिटले नाहीत. भीती आजाराची नव्हती, बिलाची होती. आणि बिलाची भीती होती, कारण आपला विमा नक्की काय देणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

विमा म्हणजे काय? आधी ज्वारीपासून सुरू करू

आपल्याकडे विमा म्हटलं की लोकांना वाटतं, पैसे परत मिळायला पाहिजेत. काही झालं नाही तर हप्ता वाया गेला! आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८०च्या दशकात आसपासच्या गावांत एक योजना चालवली. सुगी झाली की गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि रुग्णालयात सवलतीचे उपचार. ज्याच्या घरी त्या वर्षी कोणी आजारी पडलं नाही, त्याची ज्वारी शेजाऱ्याच्या बाळंतपणाला कामी आली. ती वाया गेली असं गावात कोणी म्हणेल का? विमा एवढाच आहे. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं, ज्याच्यावर वेळ आली त्याने उचलायचं.

सरकारी योजनाही याच तत्त्वावर, फक्त हप्ता सरकार भरतं. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं गडचिरोली होतं. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. ती चांगलीच आहे. पण ती, तुमचा मेडिक्लेम, वेकोलिचं निवृत्तांचं वैद्यकीय कार्ड, आयुष्मान कार्ड, ही सगळी कागदं मुंबईच्या विमानतळापर्यंतच. साधारणपणे आपला देशी मेडिक्लेम परदेशातला खर्च देत नाही. तिथली ज्वारी वेगळी टाकावी लागते.

फळ्यावरचं गणित

परदेश प्रवासासाठी, त्यातही अमेरिकेसाठी, ढोबळमानाने दोन जातीचे विमे मिळतात. पहिल्यात प्रत्येक गोष्टीचा ठरावीक दर असतो. खोलीचे दिवसाला इतके, डॉक्टरांच्या भेटीचे इतके. दुसऱ्यात बिलाच्या प्रमाणात पैसे मिळतात, त्याला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणतात. दोघांवरही "पन्नास हजार डॉलर" असंच लिहिलेलं असतं. गोम तिथेच आहे.

समजा, दोन दिवस भरती झाले आणि बिल आलं २०,००० डॉलर.

पहिला प्रकार. खोली दिवसाला १,५०० प्रमाणे ३,०००. इमर्जन्सीचे ३००. डॉक्टरांच्या चार भेटी, ७५ प्रमाणे ३००. तपासण्यांचे ४००. कंपनी देणार ४,०००. आपल्या खिशातून १६,०००. आजच्या भावाने चौदा लाख रुपये.

दुसरा प्रकार. आधी 'डिडक्टिबल', म्हणजे पहिले काही डॉलर आपण भरायचे. समजा ५००. मग 'को-इन्शुरन्स', म्हणजे पुढच्या ५,००० मधले ८० टक्के कंपनी देणार, २० टक्के आपण, म्हणजे १,०००. त्यापुढचं सगळं मर्यादेपर्यंत कंपनीचं. आपल्या खिशातून एकूण १,५००. साधारण सव्वा लाखाच्या वर.

आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक पॉलिसीत ते वेगळे असतात. पण गणिताची रीत हीच. दोन्ही हप्त्यांतला फरक काही हजार रुपयांचा असतो, बिलातला फरक लाखांचा. म्हणून पॉलिसी घेताना "किती लाखाची?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "पैसे दराने मिळणार की बिलाच्या प्रमाणात?" भारतातून घेतलेल्या पॉलिसीत साठीच्या पुढच्या लोकांसाठी अशा आतल्या मर्यादा बऱ्याचदा असतात. बारीक अक्षरात असतात. चष्मा लावून वाचा, नाहीतर नातवाकडून वाचून घ्या.

दुसरी गोष्ट, आधीपासूनचा आजार. आपल्या वयात बीपी, शुगर, थायरॉईड, गुडघे यांतलं काहीच नाही असा माणूस या सभागृहात हात वर करेल का? कोणी नाही! बहुतेक प्रवासी विमे जुन्या आजाराचा नेहमीचा उपचार देत नाहीत. त्याच आजाराने अचानक जिवावर बेतलं तर काही पॉलिसी ठरावीक रकमेपर्यंत देतात. त्यातही अटी असतात. वयाची मर्यादा असते, आणि त्रास सुरू झाल्यापासून चोवीस तासांत उपचार घेतले पाहिजेत अशी अट अनेक ठिकाणी असते. म्हणजे "सकाळी पाहू" हे दोन्हीकडून महाग. जीवही जातो आणि दावाही. आणि फॉर्मवर खरं लिहा. हप्ता वाढला तर वाढू द्या.

तिसरी गोष्ट, 'नेटवर्क'. कंपनीचा ज्या रुग्णालयांशी करार आहे, तिथे गेलं तर खर्च कमी. मुलाच्या घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, ते पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवा. रात्री दोन वाजता यादी शोधता येत नाही.

आणि चौथी, जायचं कुठे? ताप, खोकला, मुरगळलेला पाय यांसाठी अमेरिकेत 'अर्जंट केअर' नावाचे छोटे दवाखाने असतात. ते इमर्जन्सी रूमपेक्षा पुष्कळ स्वस्त. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, श्वास लागणं, यासाठी मात्र फक्त ९११. तिथे १९८६ पासून कायदाच आहे. मेडिकेअरचे पैसे घेणारी रुग्णालयं, म्हणजे जवळजवळ सगळीच, इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैशासाठी परत पाठवू शकत नाहीत. तपासून, प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येतं. हे त्या रात्री आम्हाला माहीत असतं तर!

बिल आलं तर घाबरून लगेच भरू नका. आमच्या लेकीने तीन गोष्टी केल्या. एक, बाबवार बिल मागितलं. त्यात न झालेल्या दोन तपासण्या लावलेल्या निघाल्या. दोन, आर्थिक मदतीचा अर्ज केला. तिथल्या ना-नफा रुग्णालयांना अशा मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, मात्र कोणाला किती द्यायचं हे त्यांच्या नियमांवर. तीन, उरलेल्या रकमेचे बिनव्याजी हप्ते मागून घेतले. आपण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि लाखांच्या बिलासमोर मान खाली घालतो.

देश तसा वेश

सगळीकडे अमेरिकेसारखं नसतं. थोडक्यात सांगते.

इंग्लंडमध्ये १९४८ पासून एनएचएस आहे. तिथे शिकायला किंवा कामाला जाणारी मुलं व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरतात. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना ७७६ पौंड आहे. मग त्यांना तिथल्या रहिवाशांसारखी सेवा मिळते. पण आपण आई-वडील म्हणून सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलो तर अधिभारही नाही आणि तो हक्कही नाही. तिथल्या अपघात-आणीबाणी विभागातला उपचार मोफत, पण भरती केलं की पाहुण्यांना सरकारी दराच्या दीडपट आकारणी. ते थकवलं तर पुढचा व्हिसा अडू शकतो.

युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचा. कॅनडात आई-वडिलांसाठी 'सुपर व्हिसा' असतो, त्याला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि निदान एक वर्षाचा विमा लागतो. पण लक्षात घ्या, सक्तीचा विमा म्हणजे पुरेसा विमा असं नाही. तो व्हिसापुरता असतो. अटी पुन्हा वाचाव्या लागतात.

दुबईत आणि आता १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीत सर्वत्र, नोकरदाराचा विमा मालकाने काढायचा असा नियम आहे. घरच्यांचा विमा मुलाला काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या मुलांना खास विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा सक्तीचा असतो.

आणखी एक गैरसमज. "मुलाच्या कंपनीचा मोठा विमा आहे, त्यात आमचंही नाव टाकेल." आपल्याकडे कंपनीच्या विम्यात आई-वडील बसतात. अमेरिकेत साधारणपणे नवरा-बायको आणि मुलं, बस्. ग्रीन कार्ड मिळालं तरी पासष्टीनंतरचं तिथलं सरकारी मेडिकेअर लगेच मिळत नाही. सलग पाच वर्षं राहावं लागतं, तेव्हा कुठे हप्ता भरून घेता येतं.

पिशवीत काय न्यायचं

लोणची, पापड, जवसाची चटणी तुम्ही नेणारच. त्याआधी हे भरा.

रोजच्या गोळ्या साधारण तीन महिन्यांपुरत्या, मूळ पाकिटात आणि हातातल्या बॅगेत. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, त्यावर औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव हवं. आपल्याकडची नावं तिथे कोणी ओळखत नाही. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत 'असिटामिनोफेन' असतं, दम्याचं सालब्युटामॉल तिथे 'अल्ब्युटेरॉल'. दुबईकडे जाणाऱ्यांनी विशेष जपा. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली दुखण्याची, खोकल्याची औषधं तिथे नियंत्रित आहेत, आधी परवानगी लागते. इथे मेडिकलमध्ये सहज मिळतात म्हणून कोणी पिशवीत टाकेल आणि विमानतळावर अडकेल.

साखरेचा आकडा पाहून दचकू नका. भारतात आणि अमेरिकेत १८० असतो तो इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात १० दिसतो. एकक वेगळं आहे. आपल्या आकड्याला १८ ने भागायचं. गणिताच्या बाईंनी एवढं तरी सांगितलंच पाहिजे!

आता दोन गोष्टी खास आपल्या जंगलपट्टीच्या. मलेरियाच्या बाबतीत गडचिरोलीचं नाव राज्यात वरच्या जिल्ह्यांत असतं. धानोरा, भामरागड, एटापल्लीकडे लग्नाला, नोकरीच्या गावी जाऊन आलात, मग विमानात बसलात आणि तिथे काही आठवड्यांनी थंडी वाजून ताप आला, तर तिथल्या डॉक्टरला मलेरिया सुचणारच नाही. त्याने आयुष्यात रुग्ण पाहिलेला नसतो. आपणच सांगायचं, "मी मलेरियाच्या भागातून आलो आहे, रक्त तपासा." सुट्टीत इथे येऊन परत जाणाऱ्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

दुसरं सिकलसेल. आपल्या भागात हा आजार अनेक घरांत आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांना आजार आहे त्यांनी लांबच्या विमानप्रवासाआधी डॉक्टरांना विचारायचं. विमानात ऑक्सिजन कमी असतो, पाणी कमी प्यायलं जातं, आणि त्याने दुखण्याचा झटका येऊ शकतो. तपासणीचं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा.

आपण इथे, मुलं तिथे

सहा महिने लेकाकडे राहून परत येतो आणि पाहतो तर इथल्या मेडिक्लेमची तारीख उलटून गेलेली. हे आपल्या सोसायटीत दोन घरांत झालं आहे. वार्षिक हप्त्याला साधारण तीस दिवसांची सवलत असते. त्यानंतर पॉलिसी तुटली की जुन्या आजारांसाठीची थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून. २०२४ च्या नव्या नियमांनी ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे आणि सलग पाच वर्षं हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाली नाही तर, माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनी दावा नाकारू शकत नाही. पण सलग हा शब्द महत्त्वाचा. परदेशात आहोत, इथला विमा कशाला, असं म्हणून तो सोडू नका. गेल्या आठवड्यापासून, २२ सप्टेंबरपासून, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं का? २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न लावता मिळतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आधार कार्डावर होतं. इथे किती जणांनी काढलं? हात वर करा... सहा. बाकीच्यांनी दसरा झाला की काढा.

पण कार्ड खिशात असून रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणार कोण? लेक न्यू जर्सीत. तिथे तेव्हा दुपार असते, ती फोन उचलेल, रडेल, पैसे पाठवेल. गाडी काढणारा शेजारीच असतो. आपल्या सोसायटीने हे पंचवीस वर्षं केलं आहे, कोणी न सांगता. कोविडमध्ये केलं. फक्त दर वेळी एकच गोंधळ होतो. कागद कुठे आहेत? कुठली गोळी सुरू आहे? कोणाला फोन करायचा?

म्हणून माझी एक विनंती आहे. प्रत्येक घरात एक पिवळी फाईल ठेवू. पिवळी यासाठी की हळदीचा रंग लगेच दिसतो. ती फ्रिजवर ठेवायची, कपाटात नाही. आत चारच कागद. आजार आणि चालू गोळ्यांची यादी, ॲलर्जी असेल तर लाल शाईने. विम्याची आणि सरकारी कार्डांची झेरॉक्स. मुलांचे फोन नंबर, देशाच्या कोडसकट. आणि एक चिठ्ठी, आमच्यावतीने सही करायला अमुक शेजाऱ्याला आमची हरकत नाही, अशी. तिने कायद्याचं सगळं काम होईल असं नाही, पण डॉक्टरांना आणि शेजाऱ्याला धीर येतो. परदेशी जाताना हीच फाईल बॅगेत टाकायची.

शेवटी ह्यांच्याबद्दल. परत आल्यावर मी एकदा विचारलं, त्या रात्री खरंच पैशाचाच विचार करत होता? म्हणाले, "नाही गं. पोरीला ओझं व्हायचं नव्हतं." आपल्या पिढीचं हे दुखणं आहे. मुलांना त्रास नको म्हणून आपण गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याचाच त्यांना सगळ्यात मोठा त्रास होतो. माझी लेक आजही म्हणते, "आई, घर तीन वर्षांनी झालंच. तू मला दोन वाजता का नाही उठवलंस?"

तेव्हा दुखलं तर उठवा. इथे असाल तर शेजाऱ्याला, तिथे असाल तर लेकराला.

भाषणानंतर विचारलेले काही प्रश्न

*भारतातून विमा घ्यावा की तिथे पोहोचल्यावर?*
शक्यतो निघण्याआधी, कारण प्रवासातही काही होऊ शकतं. अमेरिकेत पोहोचल्यावरही पाहुण्यांसाठीचा तिथला विमा मिळतो. दोन्हींच्या अटी मुलांना समोर ठेवायला सांगा आणि आधीच्या आजाराचा रकाना आधी वाचा.

*दात दुखला तर?*
बहुतेक प्रवासी विम्यांत दातांसाठी फारच कमी तरतूद असते, तीही अचानक दुखणं किंवा अपघात झाला तर. दात, डोळे, चष्मा, नेहमीच्या रक्त तपासण्या हे सगळं इथेच आटपून जा.

*आमचा मुलगा अमेरिकेत नोकरी बदलतो आहे. मधल्या काळात काय?*
तिथे विमा नोकरीला बांधलेला असतो. वीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीतून बाहेर पडल्यावर जुनाच विमा पूर्ण हप्ता स्वतः भरून, साधारण दीड वर्षापर्यंत चालू ठेवता येतो. त्याला 'कोब्रा' म्हणतात. नाव सापाचं आहे आणि हप्ताही तसाच डसतो. पण मधे एक दिवसही बिनविम्याचं राहू नको, असं त्याला सांगा.

*पिवळ्या फाईली कोण आणणार?*
(वक्त्यांच्या यजमानांनी जागेवरूनच उत्तर दिलं.) मी आणतो. दुसऱ्या मजल्यावर थांबत थांबत सगळ्या घरी पोचवीन.